ग्रहण राहू द्या, गाडी बोलवा

दोन वर्षांपूर्वी आर्णी तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक झालीच नाही. गटातल्या एकीची सून रात्री घरीच बाळंत झाली होती आणि बाळाची आतडी पोटाबाहेर होती! कुणाला विचारायचं, कुठे न्यायचं, यातच पाच तास गेले. मग बाप जुन्या लुगड्यात गुंडाळून बाळाला मोटारसायकलवर यवतमाळला घेऊन गेला. ओसरीवर बायांची चर्चा सुरू होती, "ग्रहणात पावशी घेतली असन हातात, म्हून असं झालं." सून आत भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ वाचलं नाही.

मैत्रिणींनो, याचा ग्रहणाशी काडीचाही संबंध नाही. गर्भाची आतडी सुरुवातीला काही आठवडे नाळेतच असतात आणि तिसऱ्या महिन्यात पोटात परततात. कधी ती परतत नाहीत, मग बेंबीच्या जागी पातळ पिशवीत राहतात. अशा बाळाचं हृदयही तपासावं लागतं. दुसऱ्या प्रकारात बेंबीशेजारी, बहुधा उजवीकडे, भोक राहतं आणि आतडी उघडीच बाहेर येतात. हे विशीच्या आतल्या आयांच्या बाळांत जास्त दिसतं. लवकर लग्नं लावणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. (रडताना नुसती बेंबी फुगते, ते वेगळं. ती बहुतेकदा आपोआप बसते, वर नाणं बांधू नये.)

हा दुसरा दोष दिसायला भयंकर, पण बरा होणारा. 'लॅन्सेट'मध्ये २०२१ साली ७४ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला होता. या दोषाची श्रीमंत देशांत शंभरातली एक-दोन बाळं दगावतात, मध्यम उत्पन्नाच्या देशांत बत्तीसच्या आसपास, गरीब देशांत नव्वद. दोष तोच, मग एवढा फरक का? वेळेवर निदान, ऊब, सलाईन, मुलांचा सर्जन आणि नंतरची शुश्रूषा. आतडी एकदम आत मावत नसतील तर ती पिशवीत ठेवून थोडी थोडी आत सरकवतात. ती खास पिशवी महाग, म्हणून आपल्याकडे काही सर्जन निर्जंतुक युरोबॅग कापून काम भागवतात.

म्हणून माझं म्हणणं, पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी चुकवू नका. कायद्याने बंदी आहे ती मुलगा-मुलगी सांगण्याला, बाळातला दोष शोधायला नाही. दोष आधी कळला तर बाळंतपण जिथे मुलांचा सर्जन आहे तिथेच ठरवता येतं. आपल्याला त्यासाठी बहुधा नागपूर गाठावं लागतं, म्हणजे दीडशे किलोमीटर. अवघडलेल्या बाईने आधी जाणं सोपं, की उघड्या आतड्यांच्या बाळाला रात्री नेणं?

आणि अचानक असं बाळ जन्मलंच, तर आतडी आत ढकलू नका. हळद, तेल, राख काही लावू नका. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बाळाचं अंग काखेपर्यंत घाला, डोक्याला टोपी घाला, उजव्या कुशीवर ठेवा. मध नाही, पाणी नाही, दूधही नाही. लगेच १०८ ला फोन करा. नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि तिथवर नेण्याची गाडी २०११ च्या योजनेनुसार मोफत आहे. हे ओसरीवर कुणी सांगत नाही, ग्रहणाचं मात्र सगळ्यांना पाठ!

ती सून यंदा पुन्हा गरोदर आहे. पुढच्या महिन्यात तिला सोनोग्राफीला घेऊन जाणार आहे. सासूबाईंनाही गाडीत बसवणार आहे.