थोड्या माणसांचा देश



रायपूरच्या गुढियारीतून निघणाऱ्या मराठी दिवाळी अंकाने यंदा मॉरिशस हा विषय का घ्यावा? एक कारण आपल्या घाऊक बाजारातच आहे. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ऑगस्टअखेर मोजक्या देशांना सूट मिळाली, त्यांत मॉरिशससाठी १४ हजार टन होते. धानाच्या कोठारात राहणाऱ्या आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. साडेबारा लाख वस्तीच्या आणि बहुतेक अन्न बाहेरून आणणाऱ्या देशात मात्र तो रोजच्या जेवणाचा प्रश्न होता.

१२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या निर्यातीत ९० टक्क्यांहून अधिक वाटा साखरेचा होता. वाढती लोकसंख्या आणि एकाच पिकावरचा भार पाहून अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्येच त्याच्या भवितव्याबद्दल निराशा व्यक्त केली होती. ते भाकीत चुकले, पण आपोआप नाही. १९७० मध्ये कायदा करून मॉरिशसने निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती दिल्या. कापड उद्योग उभा राहिला आणि हजारो बायका प्रथमच पगारावर कामाला लागल्या. १९७५ च्या लोमे करारामुळे युरोप दरसाल सुमारे ५ लाख टन साखर हमीभावाने घेऊ लागला. साखरेचा पैसा कारखान्यांत आणि हॉटेलांत गुंतला. २००९ मध्ये ती हमी संपली, तोवर देशाने पर्यटन आणि वित्तसेवांचा आधार उभा केला होता.

भारताशी नातेही असेच लेखी आहे. १९८२ च्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारामुळे जगभरचा पैसा मॉरिशसमार्गे भारतात येऊ लागला. एप्रिल २००० पासून भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीत या वाटेचा हिस्सा सुमारे पाव आहे. त्यात कर चुकवण्यासाठी फिरवून आणलेला पैसाही होता, ही टीका रास्त होती. म्हणून २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क भारताला मिळाला. मॉरिशसने तो तोटा सोसला आणि मैत्री टिकवली. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेला व्यापक आर्थिक करार हा भारताने आफ्रिकेतील देशाशी केलेला अशा प्रकारचा पहिला करार आहे.

देशातल्या देशातही त्यांनी हक्क कागदावर आणण्याची हीच रीत पाळली. तिथल्या संसदेत निवडून आलेल्या ६२ सदस्यांखेरीज आठपर्यंत जास्तीच्या जागा असतात. ज्या समाजाला मतपेटीतून पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नाही, त्याच्या हरलेल्या उमेदवारांना त्या मिळतात. उमेदवाराला आपला समाज जाहीर करावा लागतो, म्हणून या व्यवस्थेवर आक्षेप आहेत आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. तरी १९८२ आणि १९९५ मध्ये एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या साठही जागा जिंकल्या, तेव्हा याच तरतुदीमुळे हरलेल्यांपैकी काहींना सभागृहात बसता आले.

याच देशात कोकणातून करारावर मजुरीला गेलेल्या गिरमिटियांचे वंशज राहतात. एकूण वस्तीत ते अगदी थोडे, आणि घरी बोलतात क्रिओल. तरी सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकता येते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषदही तिथे भरली. त्यांची मराठी केवळ घरच्या जिव्हाळ्यावर सोडली असती तर एव्हाना संपली असती. शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळाली म्हणून ती राहिली.

या अंकाचे म्हणणे एवढेच आहे: जे संख्येने थोडे असतात, त्यांनी आपले हक्काचे ते कागदावर आणून घ्यावे आणि त्याचा पाठपुरावा करावा. बहुसंख्यांच्या मर्जीवर दोन पिढ्या निघतात, तिसरी निघत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसे छत्तीसगडात आहेत. पुढे रेल्वेने आणि नोकऱ्यांनी आणखी आणली. आपण गणपती बसवतो, हळदीकुंकू करतो, नाटके करतो. पण मुलांना देवनागरी वाचता येत असूनही मराठी पुस्तक उघडावेसे वाटत नाही. आपल्या बाजूचा कागद तर तयारच आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा ३५०क हा अनुच्छेद १९५६ पासून सांगतो. ज्यांची मुले आज पहिली-दुसरीत आहेत, त्या पालकांनी येत्या वर्षी एकत्र येऊन शाळेकडे आणि शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज करावा. मजकूर तयार करायला आम्ही मदत करू.



— संपादक