परीक्षण लिहिण्याआधी पुस्तक चालवून पाहा

‘पायथन शिकायचे आहे, कोणते पुस्तक घेऊ?’ असे विद्यार्थ्याने विचारले की आपण ज्या पुस्तकावर शिकलो त्याचे नाव सांगून मोकळे होतो. सी भाषेपुरते ते खपून जाते. कर्निगन आणि रिची यांची १९८८ची दुसरी आवृत्ती आजही हाती देता येते. स्क्रिप्टिंग भाषांचे तसे नाही.

पायथन ३ डिसेंबर २००८मध्ये आली आणि पायथन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. जुन्या पुस्तकातला कंसाविना लिहिलेला ‘प्रिंट’ पहिल्याच ओळीत अडतो, म्हणजे चूक निदान दिसते तरी. भागाकाराची चूक दिसतही नाही. पाच भागिले दोन याचे उत्तर पायथन २मध्ये दोन यायचे, आता अडीच येते. पूर्णांक उत्तरावर बेतलेले जुने उदाहरण कसलीही तक्रार न करता वेगळा आकडा देते.

मात्र नवे छापील वर्ष पाहून भुलू नये. आमच्या मते पुस्तकाचा कस फाइलींच्या प्रकरणात लागतो. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगावे लागते, हे तिथे आहे का? पायथन ३.१४पर्यंत विंडोजवर ते सांगितले नाही, तर बहुधा विंडोज-१२५२ हे कोडपेज गृहीत धरले जाते. मग यूटीएफ-८मधल्या यादीत नुसते ‘कमल’ असेल तर अगम्य चिन्हे उमटतात. ‘सुनीता’ असेल तर प्रोग्रॅमच बंद पडतो, कारण ऱ्हस्व उकाराच्या तीन बाइटांपैकी शेवटच्या बाइटला त्या कोडपेजात अक्षरच नाही. इंग्रजी नावांवर तपासलेल्या पुस्तकात ही अडचण कधी येतच नाही. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ती पहिल्याच खऱ्या कामात येते. एरर मेसेज कसा वाचायचा, हेही पुस्तकात हवे. सगळी उदाहरणे बिनचूक चालणारे पुस्तक शिकणाऱ्याला ऐन वेळी एकटे सोडते.

जाडीवर जाऊ नये. मार्क लुट्झ यांच्या ‘लर्निंग पायथन’ची २०१३ची आवृत्ती दीड हजार पानांहून मोठी आहे. भाषा येणाऱ्याला ती उत्तम. हिशेबाच्या एक्सेल फाइली जुळवण्यासाठी पायथनकडे वळलेल्या कारकुनाला ती देणे म्हणजे त्याला पळवून लावणे. त्याच्यासाठी अल स्वाइगार्ट यांचे ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन’ बरे, शिवाय लेखकाने ते वाचायला विनामूल्य ठेवले आहे. पण त्यात क्लास शिकवलेले नाहीत, तेव्हा मोठी प्रणाली बांधू पाहणाऱ्याची भूक त्यावर भागणार नाही.

परीक्षणकर्त्यांना विनंती, की पुस्तकातली उदाहरणे स्वतः टंकून चालवावीत आणि ती पायथनच्या कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवली ते परीक्षणात नोंदवावे. अनुक्रमणिका आणि प्रस्तावना वाचून लिहिलेली परीक्षणे यापुढे छापली जाणार नाहीत.