कळफलकाची बाजू

बेळगाव-निपाणी भागातील पुष्कळ घरांत गेल्या शतकाच्या अखेरीस पहिला संगणक आला तो "मुलांच्या अभ्यासासाठी" आला, आणि त्याच संगणकावर रात्री उशिरापर्यंत अंतराळातील लढाया झाल्या. पडद्यावर चालककक्षाची चौकट, समोर काळोख व तारे, आणि कोठून तरी चाल करून येणारे शत्रूचे यान. खेळणाऱ्याने यान वळवायचे, वेग सांभाळायचा, नेम धरायचा आणि उरलेली शक्ती कवचाला द्यावी की तोफेला, याचा निर्णय क्षणात घ्यायचा. या खेळांना नाके मुरडणारे दोन वर्ग आपल्याकडे आहेत. पहिला वर्ग वडीलधाऱ्यांचा. त्यांच्या मते हे पोरांचे चाळे. दुसरा वर्ग स्वतःला या खेळांचे जाणकार म्हणविणाऱ्यांचा. त्यांच्या मते आपल्या मुलांनी हे खेळ खऱ्या अर्थाने खेळलेच नाहीत, कारण त्यांच्या हाती जॉयस्टिक नव्हती, ती कळफलकावर खेळली. विमानातल्यासारखा दांडा हातात नाही तर उड्डाण कसले, असा हा युक्तिवाद आहे.

मला भांडायचे आहे ते मुख्यतः या दुसऱ्या वर्गाशी. पहिल्याला एवढेच सांगणे पुरे की, ज्या साहित्यव्यवहाराने डॉ. जयंत नारळीकरांना २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले, त्याला अंतराळाचे वावडे आहे असे म्हणता येणार नाही. नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, म्हणजे निपाणीकरांच्या शेजारचेच. त्यांच्या विज्ञानकथा आपण प्रतिष्ठेने वाचतो. मग त्याच अंतराळात हाताने यान फिरवून पाहण्याला चाळे म्हणावयाचे, हे मला तर्काला धरून वाटत नाही.

दुसऱ्या वर्गाचे म्हणणे अधिक सविस्तर तपासले पाहिजे, कारण त्यात जाणकारीचा आव आहे. मागे एका मंडळाच्या बैठकीत या विषयावर निबंध वाचण्याची सूचना निघाली, तेव्हा सुटीवर गावी आलेल्या एका तरुणाने हसत विचारले, "बेळगावात ते गेम खरे खेळले कोण? सगळे कीबोर्डच बडवायचे." उपस्थितांपैकी कोणी त्याला उत्तर दिले नाही. ते येथे देतो.

या प्रकारच्या खेळांचा जो मूळपुरुष मानला जातो, तो 'एलीट' हा खेळ १९८४ साली इंग्लंडात डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी रचला. तो त्यांनी बीबीसी मायक्रो या यंत्रासाठी लिहिला. या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेले एक साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही, पण त्या दोघांनी तीत आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसविले. ग्रहांची नावे व वर्णने साठवून ठेवलेली नव्हती. ठरावीक अंकांपासून गणिताने ती प्रत्येक वेळी नव्याने निर्माण होत. आणि हा सारा संसार चालविण्यासाठी खेळणाऱ्यापुढे जे साधन गृहीत धरले होते, ते कळफलक हेच होते. 'एस'ची कळ दाबली की यानाचे नाक खाली, 'एक्स' दाबली की वर. स्वल्पविराम व पूर्णविरामाच्या कळांनी ते कुशीवर वळे, 'ए'ने तोफ सुटे. जॉयस्टिक चालत होती, परंतु तिच्यावाचून काही अडत नव्हते. योगायोग असा की, भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांतून संगणकशिक्षणाची 'क्लास' ही योजना सुरू केली, तेव्हा तिच्यासाठी निवडलेले यंत्रही हेच बीबीसी मायक्रो होते. म्हणजे ज्या कळफलकावर या प्रकाराचा जन्म झाला, तोच कळफलक या देशातील शाळांत आला. आता कळफलकाला उपरा कोण ठरवणार?

'एलीट'मधील सर्वांत अवघड काम लढाईचे नव्हते. अवघड होते ते अंतराळस्थानकात शिरणे. स्थानक स्वतःभोवती फिरत असते आणि त्याच्या एका बाजूला एक आडवी अरुंद फट असते. यानाने त्या फटीच्या बरोबर समोर यायचे, स्वतःलाही त्याच गतीने फिरवायचे आणि हळूच आत सरकायचे. अंदाज जरा चुकला की यान भिंतीवर आदळून भस्म. हे कळफलकावर कसे साधत असे? कळ दाबून धरायची नाही, टिचकी मारायची. एक टिचकी, क्षणभर थांबून दुसरी, मग जरा लांब दाब, मग उलट बाजूची एक निसटती टिचकी. कळीला अर्धवट दाब ठाऊक नाही, ती एक तर दाबलेली असते किंवा मोकळी. ज्याला अर्धे वळण हवे, त्याने ते काळात मोजून घ्यायचे. जॉयस्टिकवाला अंतर मोजतो, कळफलकवाला मात्रा मोजतो. ही लयीची विद्या आहे आणि ती बोटांत उतरायला महिने लागतात. तिला बडवणे म्हणणाऱ्याने ते स्थानक एकदा गाठून दाखवावे.

जॉयस्टिकच्या कैवाऱ्यांची सारी भिस्त असते ती 'एक्स-विंग' (१९९३) आणि 'टाय फायटर' (१९९४) या लॉरेन्स हॉलंड यांच्या खेळांवर. खेळ उत्तमच आहेत. पण ते नीट खेळलेल्या माणसाला विचारावे की त्याचा डावा हात कोठे असे. तो कळफलकावर असे! तोफांच्या भरणीचा वेग बदलायचा तर 'एफ-९', कवचाचा बदलायचा तर 'एफ-१०', कवच पुढे घ्यायचे की मागे यासाठी 'एस', लक्ष्याच्या वेगाशी वेग जुळवायचा तर एंटर. लढाईचा खरा निकाल लागे तो या कळांवर. शत्रू पाठीशी लागला असता तोफांची शक्ती काढून मागच्या कवचाला देणे ज्याला वेळेवर सुचले नाही, त्याचा उजवा हात कितीही तयार असो, तो मरे. दांड्याने यान फक्त वळत होते. त्यातले युद्ध चालत होते कळफलकावर, आणि ही गोष्ट आपले जाणकार सोयिस्करपणे विसरतात.

"पण खरे वैमानिक दांडाच धरतात," असे एक उत्तर येते. सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने आपल्या गावात या उत्तराला उगाच वजन येते. मात्र प्रश्न अंतराळाचा आहे, म्हणून दाखला अंतराळाचाच घ्यावा. अपोलो यानांतील संगणकाला आज्ञा देण्यासाठी अंतराळवीरांपुढे एकोणीस कळांचा लहानसा फलक होता. त्यातील एका कळीवर चक्क 'क्रियापद' आणि दुसरीवर 'नाम' या अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले होते. काय करायचे ते क्रियापदाच्या आकड्याने सांगायचे, कशाचे करायचे ते नामाच्या आकड्याने. सोळा हे क्रियापद म्हणजे 'सतत दाखवीत राहा'. अशा आकडी वाक्यांनी १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. यान हाताने वळविण्याचे दांडे त्यांच्याजवळही होते, हे खरेच. पण यंत्राशी त्यांचे बोलणे चाले ते कळांवरून आणि व्याकरणाला धरून. साहित्य मंडळाच्या सभासदांना तरी यात काही लाजिरवाणे वाटू नये.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मान्य केलेच पाहिजे. वेगाने आडवे जाणाऱ्या लहान यानावर नेम धरणे जॉयस्टिकने सोपे जाते, कारण तिला कमी-अधिक कळते. शिवाय स्वस्त कळफलकाच्या आत तारांची आडवी-उभी जाळी असते. काही विशिष्ट तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी तिला कळतच नाही. वर चढता चढता कुशीवर वळून तोफ डागायला जावे आणि तोफेने मौन धरावे, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. जॉयस्टिकचेही दोष आहेत. जुन्या पंधरा टाचण्यांच्या जोडणीच्या जॉयस्टिकमधील विद्युत्‌रोधक झिजले की मोकळे सोडलेले यान आपोआप एका बाजूला कलू लागे. तरीही एकंदरीत नेमबाजीच्या बाबतीत दांडा सरस, हे मी नाकारीत नाही.

प्रश्न असा आहे की, एका गुणात उणे असलेले साधन त्यामुळे साधन म्हणूनच हीन ठरते काय? बेळगावकरांनी या प्रश्नाचे उत्तर बाहेर शोधण्याचे कारण नाही. पेटीला मींड येत नाही. तिचे स्वर सुटे, पट्टी एक तर दाबलेली नाही तर मोकळी. दोन स्वरांमधली जागा तिला ठाऊक नाही. याच कारणावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. १९७१ पासून ती हळूहळू शिथिल झाली. त्या काळात पेटीने काय केले? गोविंदराव टेंब्यांच्या पिढीने तिला आधीच स्वतंत्र वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. आणि पं. रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) याच बेळगावात बसून गायकी अंगाने एकल पेटी वाजवीत व शिकवीत राहिले. सुट्या स्वरांना अशा चपळाईने व अशा दाबाने जोडायचे की ऐकणाऱ्याच्या कानात मींड उमटावी, ही त्यांची साधना. जी मींड पट्टीत नाही ती बोटांतून येते, हे या गावाने प्रत्यक्ष ऐकले आहे. त्याच गावात कळफलकाला "बडवणे" म्हटले जावे आणि कोणी उठून बोलू नये, याचा मला अधिक राग येतो.

साधनावरून खेळणाऱ्याची पात्रता ठरविण्याचे परिणामही आपण पाहिले आहेत. १९९७ चा 'एक्स-विंग व्हर्सेस टाय फायटर' आणि १९९९ चा 'एक्स-विंग अलायन्स' या खेळांनी जॉयस्टिक सक्तीची केली. ती नसेल त्याला यानात प्रवेशच नाही. ज्या घरात संगणकाचाच खर्च हप्त्याने फिटत होता, तेथे केवळ खेळासाठी आणखी एक उपकरण कोण घेणार? दार बंद झाले ते अशा घरांतील मुलांना. याउलट १९९९ चाच 'फ्रीस्पेस २' पाहावा. उजवीकडील अंकांच्या कळांनी तो पूर्णपणे खेळता येत असे, आणि माझ्या मते या प्रकारातील सर्वोत्तम खेळ तोच. बाजारात तो पडला, परंतु २००२ मध्ये त्याची मूळ संहिता खुली केली गेली आणि तेव्हापासून हौशी मंडळींनी तो जिवंत ठेवला आहे. नंतर २००३ साली 'फ्रीलान्सर' आला. त्याने उलट टोक गाठून जॉयस्टिकलाच रजा दिली आणि माउस हाती दिला. तेव्हा हेच जाणकार 'हा खेळ बाटला' म्हणून ओरडले होते!

हा सूर आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. सीमाभागातील जुन्या मराठी घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. तुमची मराठी कानडी वळणाची, म्हणजे खरी मराठी नव्हे. पु. ल. देशपांड्यांनी 'गणगोत'मध्ये आपल्या रावसाहेबांना उभे केले, तेव्हा त्या वळणासकट केले, आणि ते वळण काढून टाकले तर रावसाहेब उरतच नाहीत, हे उभ्या महाराष्ट्राला पटले. जे हाताशी होते त्यातून आपल्या लोकांनी पूर्ण बोली घडविली. आपल्या मुलांनी तसाच पूर्ण हात घडविला. त्याला अपुरा म्हणणाऱ्याने आधी अपुरेपणा कोठे आहे ते दाखवावे.

हा हात आता नाहीसा होत चालला आहे. नव्या मुलांचा खेळ काचेवर बोट फिरवून होतो. त्या काळी चौदा-पंधरा वर्षांची असलेली मुले आज चाळिशीत आहेत. कोणी पुण्यात, कोणी बंगळुरात, कोणी निपाणी-बेळगाव रस्त्यावर हत्तरगीच्या कारखान्यांत खऱ्या विमानांचे सुटे भाग घडवीत आहेत. कोणत्या कळा कोणत्या बोटांनी, कवच केव्हा मागे, टिचकी किती लांब, हे त्यांच्यापैकी कोणीही मराठीत लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. कुस्तीच्या डावांना आपल्याकडे नावे आहेत, पेटीवरील बोटांच्या ठेवणीला शब्द आहेत; या विद्येला मात्र एकही मराठी शब्द मिळालेला नाही, आणि तो देण्याचे काम साहित्य मंडळाचे नाही तर कोणाचे?

म्हणून सूचना अशी आहे. मंडळाने या वर्षी एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. डॉसबॉक्ससारख्या आज्ञावलीमुळे जुने खेळ नव्या संगणकावर चालतात. 'एक्स-विंग' आणि 'टाय फायटर' २०१४ पासून पुन्हा रीतसर विकत मिळू लागले, 'एलीट'च्या जुन्या आवृत्त्या इयन बेल यांनी स्वतःच लोकांना खुल्या केल्या आहेत. माळ्यावर टाकलेला जुना कळफलक कोणाकडे असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नये, झटकून आणावा. जाणकारांनाही निमंत्रण आहे. त्यांनी आपली जॉयस्टिक जरूर आणावी. डावा हात तेवढा मोकळा ठेवावा.