फाईल तीन वर्षांची, आजार दहा वर्षांचा

गेल्या पावसाळ्यात आसगावातली एक ताई रोवणीची दिवसाची मजुरी बुडवून आमच्याकडे आली. सहा वर्षांपूर्वी ती मानसिक आजारासाठी एका खासगी दवाखान्यात महिनाभर दाखल होती. आता ती बरी आहे, कामाला जाते, गोळ्या नियमित घेते. फारकतीच्या भांडणात सासरच्यांनी तिचे जुने डिस्चार्ज कार्ड पुढे केले. त्यावर लिहिले होते की बाई अंगावर धावून जाते. ताई म्हणते, हे सासूने सांगितले आणि डॉक्टरांनी लिहून घेतले, मला कोणी विचारलेच नाही. मूळ फाईल मागायला आम्ही तिच्यासोबत गेलो. उत्तर मिळाले, तीन वर्षांनंतर आम्ही ठेवत नाही. तक्रार करू म्हटले तर वकिलाने सांगितले, दोन वर्षे केव्हाच उलटली.

दोन्ही उत्तरे नियमाला धरून आहेत. दुखणे तेच आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपायची असतात. ही तीन वर्षे उपचार सुरू झाल्यापासून मोजतात, संपल्यापासून नाही. म्हणजे पाच वर्षे उपचार चालले तर पहिल्या दिवसाचे कागद उपचार चालू असतानाच रद्दीत जाऊ शकतात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. उशिराचे सबळ कारण पटले तर आयोग माफी देतो, पण ते पटवायचे काम आपले.

पाय मोडलेल्या माणसाला ही मुदत पुरते. प्लास्टर चुकले तर महिन्याभरात कळते. मनाच्या आजारात पहिले वर्ष गोळ्यांच्या गुंगीत जाते, दुसरे पुन्हा दाखल करतील या भीतीत, तिसरे लोक काय म्हणतील यात. माणूस आपली बाजू मांडायला उभा राहतो तेव्हा मुदत संपलेली असते.

आम्हीही वॉर्डात नोट्स लिहिल्या आहेत. रात्रपाळीला एक सिस्टर आणि तीस पेशंट, नातेवाईक सांगतील तेच कागदावर उतरायचे. पेशंट बोलला नाही तर ‘सहकार्य करत नाही’ एवढे लिहून आम्ही पुढच्या खाटेकडे जायचो. ते तीन शब्द त्याच्या मागे किती वर्षे फिरतील, हा विचार तेव्हा मनात आला नाही. म्हणून नोंदीतली चूक ही बारीकसारीक गोष्ट आहे असे कोणी म्हणाले तर आम्हाला पटत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 या बाबतीत बराच उजवा आहे. कलम 25 प्रमाणे रुग्णाला आपली मूळ वैद्यकीय नोंद मिळण्याचा हक्क आहे. 2018 च्या नियमांत त्यासाठी अर्जाचा नमुना दिला आहे आणि दवाखान्याने 15 दिवसांत नोंद द्यायची आहे. काही माहिती रोखली तर पुनरावलोकन मंडळाकडे जाता येते, हे रुग्णाला सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सेवेतल्या उणिवेची तक्रार कलम 28 खाली आधी दवाखान्याच्या प्रमुखाकडे, मग मंडळाकडे, मग राज्य प्राधिकरणाकडे करता येते. त्या कलमात मुदत घातलेली नाही. मंडळाकडच्या अर्जाला फी नाही, आणि रुग्णाची संमती असेल तर नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते. आपली किती तरी महिला मंडळे नोंदणीकृत आहेत! मात्र मंडळाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे तर 30 दिवसच मिळतात.

ताईसाठी हा रस्ता अजून उघडा आहे. पण मंडळाने वाचायचे काय? फाईल तर रद्दीत गेली.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की मानसिक आजाराच्या फाईलची मुदत शेवटच्या भेटीपासून मोजावी, आणि फाईल नष्ट करण्याआधी रुग्णाला पत्र जावे. ग्राहक आयोगानेही आजारपणाचा काळ हेच उशिराचे सबळ कारण मानावे. 1963 च्या मुदत कायद्याने दिवाणी दाव्यात अशी सवलत ठेवली आहे, पण ती घ्यायला माणसाला स्वतःला भ्रमिष्ट ठरवून घ्यावे लागते. फारकतीच्या खटल्यात उभी असलेली बाई ते कशी करील? आजार आहे एवढ्यावरून कोणी असमर्थ ठरत नाही, तो निवाडा न्यायालयाचा, असे 2017 चा कायदाच कलम 3 मध्ये सांगतो.

सरकारला सांगताना घरातलेही बोलले पाहिजे. आपल्या वस्त्यांत मुलीचे लग्न ठरले की मानसिक उपचारांचे कागद चुलीत जातात. बाह्यरुग्णाचा केस पेपर बहुतेक वेळा आपल्याच हाती दिलेला असतो. तो जळला की दुसरीकडे त्याची प्रत सापडेलच असे नाही. कागद लोखंडी पेटीत ठेवा, झेरॉक्स विश्वासाच्या माणसाकडे द्या. डिस्चार्ज मिळाला की त्याच आठवड्यात पूर्ण नोंदीसाठी अर्ज करा, पोच घ्या आणि लिहिलेले दोघांनी मिळून वाचा. चुकीचे वाटले तर लगेच लेखी कळवा. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत मिळतो.

ताईचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली, आणि फाईल ठेवत नाही असे दवाखान्याने सांगितले ते तारखेसह नमूद केले. कुणाच्या घरी असे कागद असतील तर रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन या, अर्जाचे कोरे नमुने आमच्याजवळ आहेत.