दाबाचा आकडा नेमका कुठला?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा त्याच्या केंद्रातला हवेचा दाब ९८४ हेक्टापास्कलच्या आसपास होता. कोरेगावात मात्र आभाळ निरभ्र आणि वारा शांत असतानाही वायुभारमापक ९४० च्या आतबाहेरच असतो.

यंत्र बिघडलेले नसते. कोरेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे आणि या उंचीपर्यंत दर आठ-नऊ मीटरला दाब एका हेक्टापास्कलने उतरतो. महाबळेश्वरी तर तो ८६० च्या घरात जातो. हवामान खात्याच्या नकाशात अशा गावांचे दाब समुद्रसपाटीच्या हिशेबाने वाढवून मांडतात, म्हणून अलिबाग आणि कोरेगावची तुलना करता येते. शेतीच्या साप्ताहिक अंदाजात मात्र ‘महाराष्ट्रावर १००६ हेक्टापास्कल दाब’ एवढेच छापून येते. आले किंवा वाघ्या घेवडा करणाऱ्या शेतकऱ्याने बांधावर यंत्र बसवले, तर त्याने कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

एककांचा गुणाकार सोपा आहे. मिलिबार आणि हेक्टापास्कल एकच. पाऱ्याच्या मिलिमीटरला १.३३३ ने गुणायचे, इंचांना ३३.८६ ने. बांधावरचे यंत्र ७०० मिलिमीटर दाखवते, म्हणजे ९३३ हेक्टापास्कल, मोबाइलवर २९.७० इंच दिसतात, म्हणजे १००६. गुणाकार चोख, तरी ७३ चा फरक उरतोच. तो उंचीचा आहे आणि एकक बदलून तो कधीच भरून निघणार नाही. अंदाज छापणाऱ्यांनी ‘समुद्रसपाटीचा दाब’ हे दोन शब्द वाढवायलाच हवेत. त्यांना जागा ती कितीशी लागणार!

आणखी एक गोष्ट कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनमध्ये नोंदी करून १८३५ मध्येच मांडली होती. इथला दाब रोज ठरावीक वेळी चढतो-उतरतो: सकाळी नऊ-दहाला सर्वांत जास्त, दुपारी चार-पाचला कमी. फरक साधारण तीन-चार हेक्टापास्कलचा. हे माहीत नसेल, तर दुपारचा रोजचाच उतार पावसाची चाहूल वाटतो आणि फवारणी विनाकारण पुढे ढकलली जाते.

म्हणून तालुक्याच्या अंदाजात समुद्रसपाटीचा दाब आणि गावचा प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी, एकाच एककात द्यावा. सोबत काल त्याच वेळी असलेल्या दाबाशी फरकही छापावा. कोरेगावच्या शेतकऱ्याला उपयोगी पडेल तो हाच तिसरा आकडा, कारण त्यातून उंचीही वजा होते आणि दुपारचा उतारही.