परमुलखांत बिऱ्हाड कोठें करावें?

मुलाला टोकिओंत नोकरी लागली कीं आपल्या घरांत पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा थंडीचा व तिसरा भाजीपाल्याचा निघतो. बिऱ्हाड शहराच्या कोणत्या भागांत करावयाचें, हा प्रश्न त्याच्या कचेरीवर सोंपवून सारे मोकळे होतात. कचेरी आपल्या परीनें चोख काम करते; परंतु ती घर पाहते तें नोकरी करणाऱ्याच्या सोयीचें. तो सकाळीं आठाला बाहेर पडतो आणि रात्रीं आठाला परततो. मधले बारा तास त्या घरांत, त्या गल्लींत व त्या दुकानांत जिला काढावयाचे असतात, तिला कोणी विचारीत नाहीं. माझ्या मतें वस्ती निवडण्याचा पहिला हक्क तिचा आहे.

हें म्हणणें कांहीं वडील मंडळींस नव्या वळणाचें वाटेल. परंतु संस्कृतांत ‘गृहाः’ असें पुल्लिंगी बहुवचन केलें म्हणजे त्याचा अर्थ घर असा होतो, घरांतील माणसें असा होतो आणि पत्नी असाहि होतो. शब्द घडविणाऱ्यांना ही गोष्ट उमगली होती. ती आपल्यालाच तेवढी नवी वाटावी हें नवल! शिवाय आजची सून येथें स्वतः मिळवती असते. जपानांत पतीच्या परवान्यावर राहणाऱ्या स्त्रीस निराळी परवानगी काढून आठवड्यास २८ तासांपर्यंतच काम करतां येतें, आणि बहुतेक कामांना जपानी भाषा लागते. म्हणजे ज्या दिवशीं ती विमानांतून उतरते त्या दिवसापासून तिचे हात रिकामे. अशा स्थितींत शेजार कसा मिळाला यावर संसाराचा अर्धा कस लागतो.

टोकिओच्या तेवीस प्रभागांपैकीं एदोगावा हा अगदीं पूर्वेकडचा. अराकावा व एदो या नद्यांच्या मधला, आणि दक्षिणेस समुद्र. त्यांतील निशि-कासाई येथील भुयारी रेल्वेचें स्टेशन १९७९ सालीं सुरू झालें. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी हे साधारण त्याच सुमारास तेथें येऊन राहिले. पुढें २००० सालच्या उंबरठ्यावर संगणकांतील सालाच्या आंकड्यांचा घोळ निस्तरण्यासाठीं भारतीय अभियंते टोकिओंत आले, तेव्हां त्यांना जागा मिळवून देण्यास व शाकाहारी जेवणाची सोय करण्यास या गृहस्थांनी हातभार लावला. आज त्या प्रभागांत पांच हजारांहून अधिक भारतीय राहतात. टोकिओच्या दुसऱ्या कोणत्याहि प्रभागांत इतके नाहींत. २०१९ सालीं तेथील प्रभागसभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे महाराष्ट्रांतूनच गेलेले. तेथें भारतीय वाणसामानाचीं दुकानें आहेत, भारतीय अभ्यासक्रमाची शाळा २००६ पासून आहे, आणि ओतेमाचीच्या कचेऱ्यांपर्यंत तोझाई मार्गानें सरळ गाडी आहे. गाडीला पाव तासच लागतो. पण ती सकाळची गर्दी मुंबईकरानेंहि एकदां पाहून घ्यावी! २०१९ सालीं या मार्गावर गर्दीच्या वेळीं क्षमतेच्या शेंकडा १९९ इतके उतारू भरत. महामारीनंतर तें प्रमाण बरेंच उतरलें आहे, तरी हा मार्ग मोकळा झाला असें कोणी समजूं नये.

यावर तरुण मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो: “जपानला जाऊनहि आपल्याच लोकांत राहावयाचें, तर मग जावयाचें कशाला?” आक्षेप पोकळ नाहीं. जो एकटा जात आहे, किंवा दोघांनाहि भाषा येत आहे, त्यांनी खुशाल दुसरीकडे राहावें. परंतु नव्या मुलखांत, अंगावर लहान मूल असतांना, डॉक्टर कोठें गांठावा आणि कचरा कोणत्या वारीं कोणता बाहेर ठेवावा (तेथें जळणारा, न जळणारा, बाटल्या यांचे वार निरनिराळे!) हें सांगणारी एक बाई शेजारीं असणें ही चैन नव्हे. पहिलीं दोन वर्षें आपल्या माणसांत काढावीं; पाय स्थिरावल्यावर हलावयास कोणाची हरकत आहे? मिनातो प्रभागांतील अझाबूसारखी वकिलातींची वस्तीहि परक्यांना सोयीची आहे. पण तेथील भाडें कचेरी देत असेल तरच तिचा विचार करावा.

एक गोष्ट मात्र वडिलांनी अगोदरच जाणून असावी, म्हणजे मुलाच्या पत्रानें मन खट्टू होणार नाहीं. पुष्कळ घरमालक परक्यांना घर देत नाहींत. तेथील न्यायखात्यानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, घर शोधणाऱ्या परदेशीयांपैकीं सुमारे शेंकडा ३९ जणांनी केवळ परके म्हणून नकार मिळाल्याचें सांगितलें. जो मालक घर देतो तोहि बहुधा अनामतीखेरीज ‘रेइकिन’ नांवाची रक्कम घेतो. ती मालकाला कृतज्ञतेची भेट. परत मिळत नाहीं. (आपल्याकडच्या पागडीची ही सभ्य बहीण म्हणावी!) शिवाय जामीन लागतो. या साऱ्यांतून सुटका हवी असल्यास ‘यूआर’ या अर्धसरकारी संस्थेचीं घरें पाहावीं. तेथें मिळकतीचा पुरावा व अनामत लागते. पण रेइकिन नाहीं, जामीन नाहीं व दलालीहि नाहीं. निशि-कासाईला भारतीय वस्ती वाढली त्याचें एक मोठें कारण हेंच.

जाहिरात वाचण्याचीहि कला आहे. ‘स्टेशनापासून दहा मिनिटें’ याचा अर्थ ८०० मीटर; कारण ८० मीटरांस एक मिनिट असा तेथील नियमच आहे, आणि त्यांत चौकांतला खोळंबा धरलेला नसतो. खोलीचें माप चटयांत देतात. एक चटई म्हणजे सुमारें दीड चौरस मीटर. आणि आपल्याकडे दक्षिण म्हटलें कीं नाक मुरडणारी मंडळी आहेत, तर तेथें दक्षिणेकडील खिडकीसाठीं लोक जास्त भाडें मोजतात, कारण हिवाळ्यांतलें ऊन त्याच बाजूनें आंत येतें. वास्तुशास्त्र येथेंच ठेवून जावें. त्याऐवजीं इमारत १९८१ च्या जूननंतरच्या भूकंपनियमांप्रमाणें बांधलेली आहे किंवा नाहीं, तें विचारावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या माणसांची ही सोयीची वस्ती पुराच्या तोंडाशीं आहे. एदोगावा प्रभागाची सुमारें शेंकडा ७० जमीन भरतीच्या वेळच्या समुद्रसपाटीहून खालीं आहे. १९४७ च्या वादळांत बांध फुटून या भागांत पाणी आलें होतें. मे २०१९ मध्यें प्रभागानें घरोघर वांटलेल्या पूरनकाशावर रहिवाशांस स्पष्ट बजावलें आहे कीं मोठ्या पुराच्या वेळीं येथें थांबूं नये, प्रभागाबाहेर निघून जावें. कांहीं ठिकाणीं पाणी दोन आठवड्यांहून अधिक तुंबून राहील. स्वतःच्या हद्दीबद्दल इतकें रोखठोक लिहिणाऱ्या कारभाऱ्यांचें मला कौतुक वाटतें. गंमत अशी कीं, सेइशिन-चो हा समुद्रांत भराव घालून केलेला नवा भाग जुन्या जमिनीपेक्षां उंच असल्यानें बराचसा पाण्यावर राहील असें तोच नकाशा दाखवितो. तथापि भरावाचेंहि आपलें भय आहेच: मार्च २०११ च्या भूकंपांत शेजारच्या उरायासु गांवांतील भरावाची जमीन ठिकठिकाणीं चिखलासारखी पातळ होऊन घरें कललीं. म्हणून तेथें निर्भय जागा शोधूं नये. पक्की इमारत, तिसरा किंवा त्यावरचा मजला, आणि वादळाची सूचना येतांच कोणाकडे जावयाचें तें ठिकाण, एवढें ठरवून ठेवावें.

मुलांच्या शाळेबद्दल थोडक्यांत. सहाच्या आंतील मूल जपानी बालशाळेंत घालावें. भाषा त्याच्या तोंडीं बसेल व आईलाहि ओळखी होतील. दहा वर्षांचें मूल तीन वर्षांनी परत यावयाचें असेल तर भारतीय अभ्यासक्रमाची शाळा बरी. सरकारी शाळेंत सर्वांस एकच दुपारचें जेवण मिळतें व त्यांतील कढणांत बहुधा मासळीचा अर्क असतो. घरचा डबा चालेल का, हें नांव घालण्यापूर्वीं विचारावें.

करारावर सही करण्यापूर्वीं मुलानें एक काम अवश्य करावें. सुटीच्या दिवशीं नव्हे, एखाद्या वारीं दुपारीं तीन वाजतां, भाजीची पिशवी हातांत घेऊन सौभाग्यवतींसह स्टेशनापासून त्या घरापर्यंत चालत जावें, आणि घर घ्यावयाचें कीं नाहीं तें तिनें सांगावें. राहावयास गेल्यावर १४ दिवसांच्या आंत प्रभागकचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. तेथेंच तो पूरनकाशा मागून घ्यावा, व त्याची एक प्रत येथें आईवडिलांकडेहि धाडावी.