फ्लॅट आपला, जमीन कुणाची?

सांडोरला माझ्या मामूंचा फ्लॅट आहे. इमारत जुनी, पावसाळ्यात वरचा मजला गळतो. पुनर्बांधणीचा विषय निघाला म्हणून सोसायटीने सातबारा काढला. त्यावर सोसायटीचे नावच नाही. जमीन अजून मूळ मालकाच्या वारसांची. मामू म्हणाले, "पैसे तर पूर्ण दिले होते." दिले होतेच, पण जमीन सोसायटीच्या नावे झाली का, हे कुणी पाहिले नाही.

१९६३ च्या मोफा कायद्याखाली सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. हा कन्व्हेयन्स. बरेच बिल्डर तो टाळतात, कारण उद्याचा वाढीव एफएसआय जमिनीबरोबर जातो. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने डीम्ड कन्व्हेयन्स आला: बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. मामूंच्या सोसायटीने आत्ता केला. इतकी वर्षे कुणाला ठाऊकच नव्हते.

आता आपल्या पिढीचे. व्याज नको म्हणून आपल्यातले अनेक जण गृहकर्ज घेत नाहीत. मीही घेतलेले नाही. पण कर्ज देणारी बँक निदान स्वतःच्या पैशासाठी तरी वकिलाकडून टायटल तपासून घेते. आपण आखातातली कमाई आणि अम्मीचे दागिने एकत्र करून रक्कम देतो, आणि तपासणी? "ओळखीचा माणूस आहे." शिवाय ज्या इमारतीला बँक कर्ज देत नाही, तीच स्वस्त मिळते.

नालासोपारा पूर्वेला डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. हायकोर्टाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनीही घरासाठी पैसे मोजलेच होते.

सातबारा, बांधकाम परवानगी, ओसी, महारेरा नोंदणी ही कागदपत्रे एजंटच्या झेरॉक्सवर मानू नका, महापालिकेत आणि महारेराच्या साइटवर स्वतः पडताळा. नोटरीच्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. करार नोंदवलेलाच हवा. कुरआनातली सर्वांत लांब आयत व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आपण मात्र शब्दावर लाखो देतो. (सॉफ्टवेअरच्या अटी न वाचता 'मान्य' दाबणाऱ्या माझ्यासारख्यांनाही हे लागू.)

प्रत्येक मोहल्ल्यात एखाद-दोन वकील असतातच. महिन्यातून एका जुम्याला नमाजनंतर तासभर बसून त्यांनी लोकांचे कागद पाहिले, तर खर्च चहाचाच. वसईत आम्ही काही मित्र हे सुरू करतो आहोत. टोकन देण्याआधी या, नंतर नको.